शिडी धरणारा – एक

आमच्या गावात वीज आली ती खांबांवरून, पण घरात शिरली ती एका छत्रीच्या टोकावरून. ती छत्री ज्यांची, त्यांना सगळा गाव छत्रीवाले नाना म्हणत असे. त्यांचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं आणि मीच ते रोज लिहीत असे. पण ते इथं लिहिलं तर गावातल्या कुणालाही पत्ता लागायचा नाही की मी कुणाबद्दल बोलतोय. म्हणून नानाच बरे.

मी वीज कंपनीच्या कचेरीत कारकून होतो. कंपनी म्हणजे रेल्वे स्टेशनाच्या मागे एक इंजिनघर, त्याला चिकटून दोन खोल्या, आणि दिवसभर धडधडणाऱ्या त्या भिंतीला टेकवलेलं माझं टेबल. माझी शाईची दौत दुपारपर्यंत आपणहून टेबलाच्या कडेला येत असे. नाना अंदाज काढायचे आणि मी त्यांची नक्कल करायचो. एखाद्याच्या घरी दोन दिव्यांची वीज असली आणि त्याला आता पंखा हवा, रेडिओ हवा, तर जुनी बारीक तार तो भार सोसत नाही. मग खांबापासून घरापर्यंतची तार बदला, मीटरची फळी बदला, फ्यूज बदला, भिंतीतून नवी भोकं पाडा. या सगळ्याला सामान किती, मजुरी किती, दिवस किती, हे आधी कागदावर सांगायचं, त्याचं नाव अंदाज. लढाईचे दिवस होते, तांब्याची तार औषधासारखी मिळत होती. तेव्हा अंदाज चुकला तर तार कमी पडायची आणि माणसं अर्ध्या पंख्याखाली बसायची.

नाना या कामावर निघाले की बघत राहावं. बंद गळ्याचा खाकी कोट, खाली धोतर, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर काळी टोपी, आणि हातात ती छत्री. छत्रीच्या दांड्यावर चाकूने खुणा पाडलेल्या. नाना टेप वापरत नसत. छत्री भिंतीला लावायची, उचलायची, पुढे लावायची. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला एक गृहस्थ छत्री टेकवत, पुटपुटत चाललाय, आणि मागून घरातली सगळी पोरं रांगेत, असा तो देखावा असे. मग माझ्याकडे कागद यायचा: "तार सतरा छत्र्या, एक मूठ." त्या छत्र्यांचे फूट मी करायचे.

एवढ्यावर भागत नसे. मजुरी ते चहात मोजत. म्हणजे चहा ते पीत नसत, मोजत. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे, आणि म्हणायचे, "ही एक चहाची." म्हणजे कच्च्या विटांची भिंत, वायरमनने भोक पाडायला घेतलं की पुढच्या चहाच्या वेळेपर्यंत आरपार. पक्की वीट असली तर दोन चहा. जुन्या धाब्याच्या घरांना खाली दगड असतो, तिथे तीन. एकदा मशिदीमागच्या एका घरात त्यांनी पाच चहा सांगितले आणि वायरमन गोरख हसला. सहाव्या चहाला भोक पडलं. नाना आठवडाभर तोंड पाडून बसले होते. एक चहा चुकला म्हणून!

माझ्या टेबलाच्या खणात मी दोन कोष्टकं करून ठेवली होती: छत्र्यांचे फूट आणि चहाचे तास. नवीन मॅनेजरसाहेब आले तेव्हा त्यांनी ती पाहिली आणि मला विचारलं, इथे वीज विकतात की हॉटेल चालवतात? साहेब घाटावरचे होते. पँट, हॅट, शुद्ध भाषा. त्यांनी लगेच पोलादी टेप मागवला आणि नानांच्या पाच जुन्या अंदाजांवर धरून पाहिला. पाच घरांत मिळून वीतभर फरक निघाला. तो टेप नंतर कपाटात गेला, तो गेलाच. पण साहेबांच्या मनातून तो फरक गेला नाही. वीतभर निघाला त्याचं नाही, हातभर का निघाला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

नानांचे नेम होते, आणि ते नेम मोडायला लावणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्मला नव्हता. पहिला नेम, ते घरात शिरले की बैठकीत बसत नसत, सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जायचे आणि आतल्या बाईला विचारायचे, "माय, तुले दिवा कोठे जोयजे?" घरधनी बाहेर ताटकळत. त्यांना दिवा हवा असायचा बैठकीत, दारावर, फार तर तिजोरीच्या खोलीत. बाई आधी बिचकायची, मग पदराआडून सांगायची, "चुल्हाजोडे." झालं. अंदाजात पहिली ओळ चुलीजवळच्या दिव्याची. ती खोडा म्हटलं तर नाना कागद घडी करून खिशात घालायचे आणि निघायचे. एका मास्तरांनी सांगून पाहिलं की बायकांना कंदिलाची सवय आहे. नाना म्हणाले, तुम्हालाही होती. आज कोण अर्ज करून बसलंय?

दुसरा नेम, अंदाज पुरा होईपर्यंत त्या घरचा चहा नाही, पाणीसुद्धा नाही. "ज्याचा चहा प्यायलो," ते मला म्हणाले होते, "त्याची भिंत मऊ लागते." उन्हाळ्यात चार घरं करून कचेरीत यायचे आणि आमच्या माठातलं पाणी उभ्याने प्यायचे, तीन तांबे.

वकिलांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या गावातल्या एका वकिलांनी दोन दिव्यांच्या तारेवर रेडिओ लावला, पंखा लावला, आणि वर इस्त्री. फ्यूज जायचा. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्या जागी जाडजूड तार घातली, की आता बघू कसा जातो. फ्यूज गेला नाही. भिंत काळी झाली. नाना अंदाज काढायला गेले. वकील त्यांना कायदा सांगू लागले की ग्राहकाने पैसे भरले म्हणजे वीज पुरवणं हे कंपनीचं कर्तव्य. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे पाठवला. सामानाच्या यादीत तार होती, फ्यूज होता, तार अडकवायच्या पोर्सेलिनच्या खुंट्या होत्या, आणि त्याखाली लिहिलं होतं: "ग्राहकाची अक्कल – एक नग. बाजारात मिळत नाही."

नक्कल करताना ती ओळ मी गाळली. नानांना सांगून गाळली. ते हसले आणि म्हणाले, "कारकून, एवढी एक गाळा. दुसरी गाळू नका."

दुसरी म्हणजे कोणती, ते मला माहीत होतं. कचेरीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नानांच्या प्रत्येक अंदाजाची शेवटची ओळ ठरलेली असे. घर दोन खोल्यांचं असो की दोन मजल्यांचं, ओळ तीच: "शिडी धरणारा – एक." वायरमन वर चढणार, मदतनीस सामान देणार, पण शिडी धरायला एक स्वतंत्र माणूस, त्याने दुसरं काहीही करायचं नाही, आणि त्याची दिवसाची मजुरी अंदाजात. घरधनी विचारी, हा काय करणार? नाना सांगत, शिडी धरणार. मग धरून काय करणार? नाना सांगत, धरून ठेवणार. गल्लीतून जाता जाता कुठे शिडी दिसली की त्यांची पहिली हाक असायची, "शिडी कोन धरी?" रंगारी असो, छपरावर कौलं चढवणारा असो, मारुतीच्या देवळाला झेंडा लावणारा असो. गावातली टवाळ पोरं त्यांना लांबून बघून तीच हाक मारीत. नाना मान डोलवत, जसं काही शिकवलेलं वाया गेलं नाही.

हा शिडी धरणारा म्हणजे दित्या. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला भिल्ल, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, बोलायला अतिशय महाग. बाजाराला म्हणून खाली आला होता, तो नानांनी ठेवून घेतला. शिडी उभी केली की दित्या आधी अनवाणी पायाने जमीन चाचपायचा. गुळगुळीत वाटली तर चुलीतली कोरडी राख मागून घ्यायचा आणि शिडीच्या पायांखाली पसरायचा. मग एक पाऊल शिडीच्या पायाला अडवून, दोन हात बाजूंना, आणि नजर वर. दिवसभर वर. विडी नाही, गप्पा नाही, कुणी हाक मारली तर ओ नाही. साहेबांनी एकदा त्याला अर्धा तास बघितलं आणि नानांना म्हणाले, हा तर नुसता उभा आहे. नाना म्हणाले, तेच त्याचं काम आहे, आणि तो ते चांगलं करतो.

या ओळीमागे काय असावं, याच्या कथा गावात पुष्कळ. कुणी म्हणे नानांचा भाऊ शिडीवरून पडला. कुणी म्हणे सुरतेला असताना त्यांच्याच हातून शिडी सुटली. मला राहवेना. एकदा दुपारी मी सरळ विचारलं की नाना, कोण पडलं होतं?

ते छत्रीचा दांडा पुसत होते. म्हणाले, "कोणी नाही."

"मग?"

"मग काय? शिडी आहे, वर माणूस आहे, खाली जमीन आहे. कोणी पडल्याशिवाय माझं बरोबर ठरत नाही का?"

मी पुन्हा नक्कल करायला घेतली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, की पुढचं सगळं त्या प्रश्नातच होतं.

आमच्याकडे कापसाच्या जिनचे एक मालक होते, तापीकाठच्या गुजर घराण्यातले. सगळे त्यांना बापू म्हणत. दिलदार माणूस. मुलीचं लग्न काढलं आणि अर्ज केला: घरात दोन दिवे आहेत ते वीस करा, बैठकीत सहा पंखे, एक रेडिओ, दारावर कमान. नाना छत्री घेऊन गेले. थोरल्या आजींना विचारून चुलीजवळ आधी दिवा लिहिला. भिंती टकटकल्या, एकूण एकतीस चहा निघाले. बैठकीचं छत इतकं उंच, की आमच्या मोठ्या शिडीचा शेवटचा दांडा तुळईच्या जेमतेम खाली पोचे. अंदाज तयार झाला. शेवटची ओळ नेहमीची.

बापूंना पैशाची ददात नव्हती. पण न कापता मान्य केलेला आकडा म्हणजे त्यांच्यात व्यवहार नव्हे. कापसापासून नवऱ्यामुलाच्या घोड्यापर्यंत काही ना काही कापल्याशिवाय हातात हात द्यायचा नाही, अशी रीत. ते हसत हसत साहेबांकडे आले आणि म्हणाले, काही तरी कापा, म्हणजे मला बरं वाटेल. साहेबांनी अंदाज उघडला. तार कापता येईना, मीटर कापता येईना. चहा कापावेत तर भिंती ऐकणार नाहीत. आणि खाली एक ओळ होती, जिला ना फूट होते ना तास.

साहेबांनी नानांना बोलावलं नाही. मला बोलावलं.

मी तीन वर्षं हंगामी होतो. दर वर्षी हंगाम संपायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, आणि मध्ये पंधरा दिवस मी घरी बसून बायकोची नजर चुकवायचो. साहेब म्हणाले की वरच्या कचेरीला कायम करण्याची शिफारस जायची आहे. मग म्हणाले की नक्कल करताना शेवटची ओळ राहून गेली तर कुणाच्या लक्षात येणार नाही. दोन्ही वाक्यांच्या मध्ये त्यांनी फक्त चष्मा पुसला.

मी ती ओळ गाळली. उगाच लांबण लावत नाही; गाळली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं काढलं. नानांपुढे कागद ठेवला. ते नक्कल कधी वाचत नसत. नक्कलही आपणच वाचायची तर कारकून कशाला, असं त्यांचं म्हणणं. सही केली आणि छत्री उचलून पुढच्या घराला गेले.

दित्याला साहेबांनी सांगितलं की आता काम नाही. त्याने का म्हणून विचारलं नाही. घोंगडी खांद्यावर टाकली आणि डोंगराची वाट धरली.

कामाचा दिवस उजाडला. मी सामानाची यादी घेऊन बापूंच्या घरी गेलो आणि बैठकीच्या दारात थबकलो. थोरल्या आजींनी पहाटे उठून सगळी बैठक शेणाने सारवून घेतली होती. घरात नवी वीज येतेय, तिला काय जुन्या जमिनीवर उतरवायचं? ओलं, हिरवंगार, चकचकीत सारवण. बरोबर मध्यावर, जिथे शिडी लागणार, तिथे रांगोळीचं कमळ. शिडी आणल्याबरोबर सुनांनी तिच्या दोन्ही पायांना हळदकुंकू लावलं. आणि ती हळदकुंकवाची शिडी त्या ओल्या कमळावर उभी राहिली. गोरख वायरमन तिच्याकडे बघत होता आणि वर चढत नव्हता.

साहेब त्याला म्हणत होते, चढ, उशीर होतोय. तेवढ्यात दारातून हाक आली.

"शिडी कोन धरी?"

नाना आत आले. खाली पाहिलं. पायाने सारवण चाचपलं, दित्यासारखं. मग विचारलं, दित्या कुठाय? साहेबांनी बोलण्याऐवजी अंदाज पुढे केला. नानांनी कागद हातात घेऊन एकदम खालीच पाहिलं, कारण त्यांना ठाऊक होतं कुठे बघायचं. ओळ नव्हती. खाली त्यांची सही होती.

त्यांनी मान वर केली आणि साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले.

बस, तेवढंच. मला कुणी भर चौकात जोड्याने मारलं असतं तर मी सांगू शकलो असतो की इथे इथे लागलं. हे कुठे लागलं ते अजून सापडत नाही.

मग त्यांनी कोट काढला आणि खिडकीच्या गजाला अडकवला. छत्री साहेबांच्या हातात दिली, म्हणाले, हे जरा धरा. साहेबांनी धरली, माणूस वस्तू पुढे करतो तेव्हा दुसरा घेतोच. आणि नानांनी धोतर खोचलं, शिडीच्या उजव्या पायाला पाऊल अडवलं, दोन्ही हातांनी शिडी पकडली आणि गोरखला म्हणाले, चढ.

साहेब म्हणाले, नाना, हे तुमचं काम नाही. कचेरीत तीन अर्ज पडलेत.

"अंदाजावर सही माझी," नाना वर बघत म्हणाले. "अंदाजात धरणारा नाही, म्हणजे अंदाज चुकला. ज्याची सही, त्याने चूक भरायची."

"मी हुकूम देतोय. कचेरीत चला, नाहीतर नोकरी राहणार नाही."

"जाऊ द्या. नोकरी पडली तर हाड मोडत नाही."

गोरख तोपर्यंत अर्ध्यावर पोचला होता. बापू धावत आले. मुलीच्या लग्नघरात कंपनीचा म्हातारा अंमलदार धोतर खोचून शिडी धरतोय, हे त्यांना बघवेना.

"नाना, तुम्ही कसाले धरतस? मन्हा घरना गडी शेतस ना."

"बापू, तुमना गडी आज मांडवकडे देखतीन," नाना म्हणाले. "आठे वर देखनं पडस."

आजी कोपऱ्यात पाटावर बसून हा सगळा तमाशा बघत होत्या. त्यांनी हॅटवाल्या साहेबांकडे बोट केलं आणि सुनांना विचारलं, "हाऊ टोपीवाला नुसता देखी ऱ्हायना का? त्याना हातमा आखो काही तरी द्या रे." एका सुनेने खरंच त्यांच्या दुसऱ्या हातात पंख्याचं पातं दिलं. साहेब एका हातात छत्री आणि एका हातात पातं घेऊन उभे राहिले. त्या अवस्थेत हुकूम देता येत नाही. प्रयत्न करून पाहावा कुणीही.

आणि तेव्हाच शिडी सरकली. गोरख तुळईतल्या कडीपर्यंत हात नेत होता, त्याचा भार डावीकडे गेला, आणि डावा पाय कमळाच्या पाकळ्या पुसत वीतभर बाहेर आला. उजवा नानांनी धरला होता, तो हलला नाही. पण डाव्याला कुणी नव्हतं.

"कारकून," नाना म्हणाले, अगदी हळू, "डावा पाय धरा."

मी धरला. कधी झेपावलो, यादी कुठे पडली, काही आठवत नाही. गुडघे शेणात, हात हळदकुंकवात, आणि नजर वर. गोरख वर तुळईला मिठी मारून होता. त्याचे पाय थरथरत होते, ते थरथरणं शिडीतून माझ्या तळव्यांत येत होतं. कुणीतरी चुलीतली राख आणली. शिडी पुन्हा सरळ झाली. गोरख वरून म्हणाला, पाना द्या.

सहा पंखे बसेपर्यंत आम्ही दोघांनी शिडी सोडली नाही. नाना उजवीकडे, मी डावीकडे. वर बघून बघून मान ताठली, डोळ्यांत भिंतीची माती पडली, नाकाला खाज सुटली तरी हात काढता येईना. तेव्हा कळलं, की नुसतं उभं राहणं हे केवढं काम आहे. दिवसभरात नाना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. दोघांनाही वर बघायचं होतं.

पुढच्या आठवड्यात वरच्या कचेरीचं टपाल आलं. एकाच पाकिटात दोन कागद. एकात मी कायम झालो होतो. दुसऱ्यात, नेमून दिलेलं काम सोडून इतरांचं काम विनापरवाना केल्याबद्दल नाना मोकळे झाले होते. दोन्ही कागद आवक वहीत मलाच चढवायचे होते.

तिसरी गोष्ट मात्र साहेबांच्या टपालात नव्हती. गोरख आणि दुसरे दोन वायरमन कचेरीच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, दित्या येईपर्यंत आमचे पाय जमिनीवरच बरे. गावातले सगळे अर्ज पडून राहिले. एका मुन्सफाच्या घरी तर अर्धवट तारा लोंबत होत्या. चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या खर्चाने अक्कलकुव्याच्या बाजाराला माणूस पाठवला. दित्या आला. का बोलावलं, हेही त्याने विचारलं नाही. शिडीजवळ गेला आणि जमीन चाचपली. शिडी धरणारा राहिला. ती ओळ लिहिणारा गेला.

नानांना नवापूरला लाकडाच्या वखारीत काम मिळालं, साग मोजायचं. मी स्टेशनावर गेलो. ते सुरतेकडच्या गाडीची वाट बघत फलाटाची लांबी छत्रीने मोजत होते. मी मागोमाग चाललो. मनात जुळवलेलं सगळं बोलणं त्या टोकापर्यंत गेलो तोवर संपून गेलं, तोंडातून एक शब्द न निघता. शेवटी म्हटलं, "नाना, माफ करा म्हणायला किती चहा लागतात?"

त्यांनी छत्री टेकवली. माझ्या छातीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान तिरपा केला. फलाटावरची माणसं बघत होती.

"एक," ते म्हणाले. "पण तुम्ही पाजायचा."

मी दोन चहा आणले. नाना फलाटावर उभ्याने चहा प्यायले, बशीत ओतून, फुंकर मारून. त्यांना चहा पिताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. बशी खाली ठेवून म्हणाले, "झालं. आता तुमची भिंत मला मऊ लागणार." गाडी आली. मी हळूच विचारलं की छत्री आठवण म्हणून मागितली तर. ते म्हणाले, वेडे आहात का, पावसाळा तोंडावर आलाय.

पुढच्या वर्षी कंपनीने ठरवलं की अंदाज हाताने लिहायचे नाहीत, छापील फॉर्म करायचे. मसुदा छापखान्यात नेऊन देण्याचं काम कायम झालेल्या कारकुनाकडे आलं. साहेबांनी मसुद्यावर सही केली होती. मी वाटेत रेल्वे फाटकापाशी थांबलो, फाटकवाल्याच्या बाकावर बसलो, आणि यादीच्या शेवटी माझ्या सुरेख अक्षरात एक ओळ लिहिली. फॉर्म छापून आले, दोन हजार. साहेबांनी पाहिले. मग मला विचारलं, हे मसुद्यात होतं का? मी म्हटलं, नक्कल करताना राहून गेलं होतं, आता राहिलं नाही. दोन हजार फॉर्म फाडायचे तर कागदाची टंचाई. साहेब चष्मा पुसत आत गेले.

एक फॉर्म मी पाकिटात घालून नवापूरच्या वखारीच्या पत्त्यावर पाठवला. पत्र लिहिलं नाही. पंधरा दिवसांनी तोच फॉर्म परत आला. नानांनीही पत्र लिहिलं नव्हतं. लाकडावर खुणा करायच्या लाल पेन्सिलीने शेवटच्या ओळीतला 'एक' खोडला होता आणि बाजूला लिहिलं होतं:

"ओल्या सारवणावर दोन."

ते फॉर्म यंदा संपले. नव्या खेपेचा मसुदा मीच नेला. आता यादीच्या शेवटी, नानांच्या लाल पेन्सिलीची धरून, दोन ओळी छापलेल्या आहेत, आणि नवे साहेब आले आहेत, ते विचारतात, हा दुसरा कोण? मी सांगतो, मी.